तुटक रेघेचा हात

साडेअकराचा चहा संपवून मी इस्पितळातल्या आमच्या व्यायामोपचार विभागाकडे परतले तर बाहेरच्या बाकड्यांच्या टोकाला एक माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता. उजवा हात समोर भिंतीला टेकवलेला, छातीच्या उंचीवर, बोटं पसरलेली, मान ताठ. शाळेत शिक्षा म्हणून उभं करतात तसा. बाकड्यांवरचे लोक त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून त्याच्याकडेच बघत होते. आमच्या मावशी फरशी पुसत होत्या. विभागातली झाडलोट, चादरी आणि रोग्यांना दटावणं ही तिन्ही खाती त्यांच्याकडे. त्यासुद्धा त्याच्या पायांभोवती वळसा घालून पुसत होत्या, म्हणजे प्रकरण साधं नसणार. शर्टाच्या कॉलरवरच्या निळ्या डागावरून मी त्याला पाठमोराच ओळखला. बोर्ड रंगवणारा पेंटर. उजवा खांदा आखडलेला, गेले पाच आठवडे आठवड्यातून एकदा येणारा. हात थरथरत होता आणि कानामागून घामाचा ओघळ कॉलरमध्ये उतरत होता. मी म्हटलं, "काय झालं? चक्कर येतेय का?" तो म्हणाला, "नाही मॅडम, व्यायाम चाललाय." "कधीपासून?" त्याने मान न वळवता डोळ्यांनीच भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. "मोठा काटा तळाला होता तेव्हापासून." काटा आता दहावर आला होता. वीस मिनिटं. "अहो, मग हात खाली घ्या की." तेव्हा तो हळूच वळला. माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू परीक्षेत मीच चुकीचं उत्तर सांगतेय. म्हणाला, "चित्रातला माणूस कुठं हात खाली घेतो?"

मला आधी हसू आलं, हे कबूल करते. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं, कारण त्याच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद त्याने डाव्या हाताने काढला. माझा कागद. चार वर्षांपूर्वी मी स्वतः बसून केलेला, सहा चित्रांचा, दर चित्राखाली दोन ओळी. भाचीला उभं करून फोटो काढले, ते गिरवले. हात कुठून कुठे न्यायचा ते कळावं म्हणून आधीची स्थिती भरीव रेघेत आणि नंतरची तुटक रेघेत काढली. वरच्या साहेबांनी एका सभेत तो कागद उंच धरून दाखवला होता आणि मी चार दिवस हवेत होते. त्यानंतर तो कागद मी किती हातांत दिला असेन, देव जाणे. देताना म्हणायचं, "यात सगळं आहे. कळलं ना?" समोरचा म्हणायचा, "कळलं." मग पुढचा नंबर. आता तोच कागद पेंटरच्या हातात होता आणि माझी भाची त्यात सहा वेळा हात उचलून थिजलेली होती. तिने चार वर्षांत एकदाही हात खाली घेतलेला नव्हता. हे मला कधी दिसलंच नव्हतं.

मी त्याला आत नेलं, खुर्चीवर बसवलं. "घरी पण असंच करता?" "घरी सहाही चित्रं करतो. एकेकाला अर्धा तास. बायको म्हणते, वेड लागलंय." म्हणजे रोज तीन तास. आखडलेला खांदा अर्धवट उचलून, भिंतीला टेकवून, जराही न हलवता. मी मनातल्या मनात हिशेब करत होते तोच माझी नजर टेबलावरच्या त्याच्या फाइलवर गेली. तिथे माझ्याच अक्षरात, लाल शाईत, गेल्या आठवड्याची ओळ होती: घरी व्यायाम करत नाही, सहकार्य नाही. मी चित्रातल्या तुटक रेघेच्या हातावर बोट ठेवलं. "आणि हा? हा वरचा हात?" "तो नंतर भरायचा ना," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याने समजावून सांगितलं. बोर्डावर जे आत्ता रंगवायचं ते पक्क्या रेघेत आखतात. जे गिऱ्हाइकाने अजून नक्की केलेलं नाही, मागाहून भरायचंय, ते तुटक रेघेत ठेवतात, म्हणजे पुसायला सोपं जातं. "म्हटलं तुम्ही सांगाल तेव्हा तो हात भरू. मी वाटच बघत होतो तुम्ही कधी सांगताय त्याची." पाच आठवडे हा माणूस माझ्या परवानगीची वाट बघत भिंतीला हात लावून उभा होता, आणि मी लाल शाईने त्याला आळशी ठरवत होते.

तरीही हार मानायची नाही हा माझा जुना रोग. मी म्हटलं, "पण खाली लिहिलंय ना, दहा वेळा वर-खाली करा म्हणून." त्याने कागदाकडे बघितलं. बरोबर त्या ओळीकडेच बघितलं, आणि त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकले. एक लय धरून, मध्ये थोडं थांबून. ओठ किंचित हलले. बाहेरच्या कुणालाही वाटलं असतं, हा वाचतोय. मला तसं वाटलं नाही. ते डोळे माझ्या ओळखीचे होते, फार जुन्या ओळखीचे, आणि ते आठवायच्या आतच तो दाराकडे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाला, "मी अक्षर काढतो मॅडम. वाचत नाही." मग म्हणाला, "तुमच्या दारावरचा बोर्ड माझाच आहे. कागदावर लिहून दिलं होतं, तसं काढलं. काय लिहिलंय ते विचारलं नाही."

तो बोर्ड मी नऊ वर्षं बघत होते. अक्षरं इतकी डौलदार की नवीन येणारे डॉक्टर थांबून बघतात. काढणाऱ्याला ती वाचता येत नाहीत हे कळल्यावर मला जे वाटलं ते नवल नव्हतं, भीती होती. कारण माझी आई. आईचे डोळे असेच सरकायचे. ती कपड्यांना इस्त्री करायच्या दुकानात कामाला होती, आठ-आठ तास उभी, आणि एके दिवशी तिची कंबर धरली. मी दहा वर्षांची. मला वाचता येत होतं म्हणून दवाखान्यात मला सोबत नेलं. घरातली शिकलेली तेवढी मीच. डॉक्टर घाईत होते, काहीबाही बोलले, कागदावर लिहून दिलं. आई उठली नाही. तिने विचारलं, "पण म्हणजे मी करू काय?" डॉक्टरांनी परत तेच सांगितलं, जरा मोठ्याने. आईने परत विचारलं, "ते कळलं हो. पण घरी जाऊन मी करू काय?" मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. माझे कान तापले. मी तिचा दंड धरून ओढला आणि म्हटलं, "चल ना, सारखं काय विचारतेस? मला कळलंय सगळं." मला काडीचंही कळलं नव्हतं. घरी येऊन मी तो कागद तिच्यासमोर धरला. त्यातले अर्धे शब्द मला लागेनात. मग मी ठोकून दिलं, "नुसतं पडून राहायचं. अजिबात हलायचं नाही." आई दोन महिने पडून राहिली. पुढे बऱ्याच वर्षांनी, या विषयाचं शिक्षण घेताना, तो कागद ट्रंकेत सापडला. त्यात लिहिलं होतं: दोन दिवस विश्रांती, मग रोज थोडं थोडं चालणे. आईची कंबर तोवर कायमची ताठ झालेली होती. आणि आईने त्या दिवसानंतर कुठल्याही डॉक्टरला एकही प्रश्न विचारला नाही. "कळलं, कळलं" म्हणत बाहेर यायची. आता गुडघे गेलेत, माझ्याच घरात राहते, तरी माझ्या विभागात पाऊल टाकत नाही. "तुझ्या लोकांत मला कशाला नेतेस," म्हणते. मला वाटायचं, म्हातारपणाचा हेका.

पेंटर अजून समोर बसला होता. चूक कबूल केल्यासारखा. मला राग येत होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं, म्हणून मी त्याची फाइल उचलली आणि तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते हाडांचे डॉक्टर, स्वभावाने वाईट नाहीत, पण माणसाला बघण्याआधी फाइल बघतात. माझ्या लाल ओळीवरून त्यांनी निकाल लावूनच ठेवला होता: भूल देऊन खांदा मोकळा करायचा, नाहीतर याने धंदा बदलावा. मी म्हटलं, "ते मी चुकीचं लिहिलंय. तो रोज तीन तास व्यायाम करतो. सहकार्य माझं नव्हतं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून चूक हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. म्हणाले, "तीन महिने देतो. हात डोक्यावर गेला पाहिजे. नाही गेला तर भूल." परत येऊन मी पेंटरला ते सांगितलं. भूल या शब्दाला तो घाबरला, पण त्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीला. त्याच्या जावयाचं गोदाम आहे. जावई म्हणालाय, मामा, खुर्ची टाकून देतो, फाटकाशी बसा, आलं-गेलं बघा. "माणूस चांगला आहे हो," पेंटर म्हणाला, "पण या हाताने मी अर्ध्या शहराची दुकानं ओळखीची करून दिलीत. आता जावयाच्या फाटकाशी बसून याचं करायचं काय? माश्या मारायच्या?" आणि त्याने उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी प्लास्टिकचा खांदा घेऊन बसले. सांधा, भोवतालचं आवरण, ते कसं आवळतं, सगळं दाखवलं. छानच सांगितलं, मला स्वतःला आवडलं. तो म्हणाला, "कळलं." आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मला पुरला नाही. मी म्हटलं, "नाही, असं नको. मी काय सांगितलं ते तुम्ही मला सांगा. परीक्षा तुमची नाही, माझी आहे. मला नीट सांगता येतं का ते बघायचंय." त्याने तो प्लास्टिकचा खांदा उलटसुलट फिरवून बघितला. शेवटी म्हणाला, "तुम्ही म्हणालात, हाडं पांढरी असतात." मावशी चादर झटकत होत्या, त्यांनी चादर तोंडावर धरली. मी प्लास्टिकचा खांदा कपाटात ठेवून दिला. मग जे मी पाच आठवड्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. "तुम्हाला काय वाटतं, आत काय झालंय?" त्याचं उत्तर तयार होतं. कुणी विचारलंच नव्हतं म्हणून बाहेर पडलं नव्हतं. "आत दोऱ्या असतात. त्या तुटत चालल्यात. हलवला की दुखतं, म्हणजे अजून एक तुटली. म्हणून तुमचं चित्र मला पटलं, त्यात हलवायचं नव्हतं." म्हणजे माझ्या चित्राने आणि त्याच्या भीतीने मिळून त्याचा हात बांधून ठेवला होता.

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. मनात म्हटलं, बाई गं, तुझी भाषा संपली, आता त्याची शोध. विचारलं, "रंगाचा डबा महिनाभर पडून राहिला तर काय होतं?" तो म्हणाला, "तळाला बसतो रंग. दगडासारखा." "मग टाकून देता?" "टाकायला काय झालंय? रंग चांगलाच असतो. ढवळायचा." "दणादण?" "छे, दणादण केलं तर काडी मोडते. काडी कडेने फिरवायची, हळूहळू. आज थोडा सुटतो, उद्या थोडा. रोज ढवळला की येतो वर." आणि तो बोलायचा थांबला. त्याने खांद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे रंग चांगला आहे," तो म्हणाला. "बसलाय फक्त." मी म्हटलं, "बसलाय फक्त." डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं म्हणून मी उगाच टेबलाचा खण उघडला आणि बंद केला. मग त्याला डावा हात टेबलावर टेकवून पुढे वाकायला सांगितलं, उजवा हात सैल सोडायला सांगितला, आणि त्याच्या खाली जमिनीवर कचऱ्याची रिकामी बादली ठेवली. "ढवळा." हात लोंबत होता. आधी नुसता थरथरला. मग एक छोटं वर्तुळ झालं, वाटीएवढं. मग दुसरं. "दुखतंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "दुखणार. पण दुखणं म्हणजे तुटणं नव्हे. घरी हे झालं की चहा टाका. चहा पिऊन होईपर्यंत दुखणं उतरलं तर बरोबर चाललंय. जेवायच्या वेळेपर्यंत टिकलं तर जास्त झालं, दुसऱ्या दिवशी निम्मं करायचं. आता हे मला सांगा." त्याने सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, मला वाकवलं, बादली माझ्याखाली सरकवली आणि माझाच आवाज काढून म्हणाला, "ढवळा. कळलं म्हणायचं नाही." उघड्या दारातून बघणाऱ्या बाकड्यांवर हशा पिकला. या वेळी माझे कान तापले नाहीत.

बाहेर बाकड्यांसमोर, खिडकीशेजारच्या मोकळ्या भिंतीवर त्याने आपला धंदा सुरू केला. दोरीला निळ्या खडूची पूड चोळायची, दोरी भिंतीवर आडवी ताणायची, मधोमध धरून सोडायची, सरळ रेघ उमटते. बोर्डावर ओळी आखायची ही त्यांची पद्धत. बोटं भिंतीवर चालवत चालवत जिथपर्यंत पोचतील तिथे दर खेपेला एक रेघ. पहिली त्याच्या हनुवटीशी होती. दुसरी तिच्यावर दोन बोटं. दोरीचं एक टोक तो धरायचा, दुसरं मी किंवा मावशी. मी कागद देणं बंद केलं. प्रत्येकाला म्हणू लागले, करून दाखवा, आणि काय काय बाहेर पडलं म्हणून सांगू. एका ड्रायव्हरला दुखण्याची गोळी रात्री जेवल्यावर घ्यायला सांगितली होती. तो रात्री जेवतच नसे, त्यामुळे त्याने एकही घेतली नव्हती. एका स्वयंपाकीणबाईला पाय वर ठेवून बसा म्हटलं होतं. ती महिनाभर खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन उकिडवी बसत होती आणि गुडघे का सुजतात म्हणून देवाला विचारत होती. सगळ्यांनी मला 'कळलं' म्हटलेलं होतं. संध्याकाळी घरी जाताना मला वाटायचं, इतकी वर्षं मी भिंतीशी बोलत होते. आणि लगेच वाटायचं, नाही, भिंत तर मीच होते.

दुसऱ्या महिन्यात रेघा थांबल्या. एका खेपेला बोटं जुन्याच रेघेला लागली, पुढच्या खेपेलाही, आणि तिसऱ्या खेपेला चक्क एक बोट खाली. मला झोप लागेना. मोठ्या डॉक्टरांपुढे मी केवढ्या तोऱ्यात बोलले होते. मला तो खुर्चीवर दिसायला लागला, फाटकाशी, हात मांडीवर. मी त्याला काय सांगणार होते कुणास ठाऊक, पण तोच खालच्या रेघेकडे बघून म्हणाला, "मॅडम, रंगाचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा हात मारला तर दोन्ही सुटतात. थोडं वाळू दे." मी म्हटलं, "घाबरला नाहीत?" "घाबरलो ना. पण चहात उतरतंय दुखणं. तुम्हीच म्हणालात, चहात उतरलं की बरोबर." मला माझाच उपाय परत मिळाला, व्याजासकट. दहा दिवसांनी बोटं त्या रेघेवरून गेली. मग जी सुटली ती सुटलीच. नाक, कपाळ, केस. तीन महिने भरले त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी फाइल उघडायच्या आत पेंटरने हात वर केला, थेट कानाला लावून. डॉक्टर नुसते "अच्छा" म्हणाले. मग खुर्चीवरून उठून त्यांनी स्वतः तो हात धरून फिरवून बघितला आणि भुलीच्या कागदावर आडवी रेघ मारली. मी बाहेर येऊन मावशींना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "अहो, ओल्या फडक्याचे हात आहेत माझे."

पेंटर मात्र खूश नव्हता. भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही भिंत मला द्या. तुमचं चित्र खोटं आहे." मला झोंबलं. चार वर्षांचा माझा मान, सभेत उंच धरलेला. मी म्हटलं, "खोटं कसं?" "हलणं काढायचं तर एक माणूस पुरत नाही मॅडम. तीन लागतात. एक निघाला, एक पोचला, एक परत आला. तुमच्या बिचारीला तुम्ही परत येऊच दिलं नाही." परवानगी काढली, खिडक्यांच्या गजांना लावून उरलेला निळा रंग भांडारातून मिळवला, आणि रेघांची ती भिंत त्याच्या ताब्यात दिली. रेघा पुसायच्या नाहीत एवढी अट घातली. तो म्हणाला, "त्या तर ओळी आहेत. त्यांच्यावरच लिहिणार."

त्या आठवड्यात जेवताना मी आईला सगळं सांगत होते. सांगता सांगता त्या जुन्या कागदाचंही सांगून टाकलं. की त्यात पडून राहा असं नव्हतंच, मी ठोकून दिलं होतं. इतकी वर्षं हे गिळून बसले होते, एका घासाबरोबर बाहेर आलं. आई जेवत राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं. दहा वर्षांच्या पोरीला काय वाचता येणार डॉक्टरचं अक्षर. त्याचं काही नाही गं." तिने ताट बाजूला सारलं. "तू लाजलीस माझी, ते लागलं. मग म्हटलं, आता विचारायचं नाही कुणाला." मी हातातला घास ताटात ठेवला. मी म्हटलं, "चुकले गं आई." ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "तो पेंटर खरंच वाचत नाही? आणि बोर्ड काढतो?" "हो." "मग बघायला पाहिजे."

म्हणून आई आली. बघायला आली, गुडघ्यांसाठी नव्हे, हे तिने दारातच सगळ्यांना ऐकवलं. तिला पुढच्या बाकड्यावर बसवलं. भिंत जवळजवळ झाली होती. निळी माणसं, ठसठशीत, खालपासून वर, तीन-तीनच्या गटांनी. कोणी वाकून बादली ढवळतोय, कोणी भिंतीवर बोटं चढवतोय, एक जण खुर्चीवर बसून पाय सरळ करतोय, आणि प्रत्येक तिघांतला शेवटचा परत घरी आलेला. शेजारी चहाचा कप, त्यातून आधी भरपूर वाफ, मग थोडी, मग नाही. एक अक्षर कुठे नव्हतं. आता फक्त सगळ्यात वरची ओळ राहिली होती, हात पूर्ण डोक्यावर नेलेला माणूस. मावशींनी स्टूल आणून ठेवलं. पेंटरने ते पायाने बाजूला सरकवलं. मी म्हटलं, "अहो, हट्ट कशाला." तो म्हणाला, "तीन महिने कशासाठी ढवळत होतो?" त्याने ब्रश उजव्या हातात घेतला, रंगात बुडवला, डब्याच्या कडेला निथळला आणि हात वर नेला. हनुवटीची रेघ, कपाळाची रेघ, शेवटची रेघ, आणि तिच्याही वर. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, भुवई हलते का, ओठ आवळतो का. भुवई हलली. हात हलला नाही. निळी रेघ खालून वर एका दमात गेली, कुठेही न थरथरता, आणि चित्रातल्या माणसाचा हात पूर्ण झाला. भरीव, पक्क्या रेघेचा.

"अहो पेंटर," मागून आवाज आला. माझी आई. आख्ख्या बाकड्यांना ऐकू जाईल असा आवाज, मी पस्तीस-छत्तीस वर्षांत न ऐकलेला. ती खुर्चीवर पाय सरळ करणाऱ्या माणसाकडे बोट करून उभी राहत होती, एक हात बाकड्यावर टेकून. "हा पाय सरळ करतो ते कळलं. पण म्हणजे मी करू काय? परत खाली कधी आणायचा? आणि किती वेळा?" मागे कुणीतरी हसलं. मी वळून त्याच्याकडे बघितलं आणि तो हसायचा थांबला. मग मी आईकडे गेले, तिच्या पुढ्यात फरशीवर बसले, तिचा पाय माझ्या हातात घेतला आणि म्हटलं, "विचार आई. अजून विचार." पेंटर तिथूनच म्हणाला, "सोपं आहे ताई, असं बघा." ब्रश तसाच हातात धरून त्याने हात खाली आणला, मांडीपर्यंत. परत वर नेला, शेवटच्या रेघेच्या वर. "वर गेला की परत यायचं. आणि परत जायचं." आई पाय उचलत होती, टेकवत होती, आणि तो हात वर नेत होता, खाली आणत होता, काही गरज नसताना, दहा वेळा झाल्यावरही. निळ्या रंगाचे थेंब नुकत्याच पुसलेल्या फरशीवर पडत होते, आणि मावशी फडकं हातात घेऊन ते पुसायचं सोडून मोजत उभ्या होत्या.